पोटखराबा

गावाचं नाव गुडलँड. म्हणजे चांगली जमीन.
मी हसलो. शर्मिष्ठानं आरशातून पाहिलं, "काय झालं, बाबा?"
काही नाही. एकतीस वर्षं तलाठी होतो,
जमिनीला कोणी चांगली म्हटलं
की माझा हात आधी नकाशाकडे जातो.

त्यात इथे जमीन होती कुठे?
फ्लोरिडाचं हे टोक, अर्धं पाण्यात,
फळ्यांची पायवाट, कमरेएवढा कठडा,
आणि दोन्ही अंगांना हिरवा काळोख
गुडघे वर काढून चिखलात बसलेला.

वास आला आणि पाय थांबले.
कालवांचा, कुजक्या पानांचा, ओहोटीचा वास,
माझ्याआधीच येऊन बसला होता.

डोरीनबाई सत्तरीपुढच्या, टोपीवर डासांची जाळी,
हातात काठी, टेकायला नव्हे, दाखवायला.
"हा लाल. हा काळा. हा पांढरा."
हजेरी घ्यावी तशी.
लाल म्हणजे आमचा कांदळ, मुळांच्या कमानी त्याच.
काळा म्हणजे तिवर. चुलत घराणं, पण नाक लपत नाही.
चिखलातून वर आलेली ती श्वासाची बोटं,
लहानपणी त्यांवरून पळताना तळवे सोलायचे.
"ओळखतो," मी म्हणालो.
बाईंनी न तोडता फांदी खाली वाकवली:
मग चाटून बघा पान.

मीठ.
घाम फुटावा तसं पानावर फुटलेलं.

"आणि ही शेंग बी नव्हे, रोपच आहे.
आईच्या अंगावर रुजतं, मग पडतं.
पाणी असलं तर महिनोन् महिने तरंगतं,
टेकायला जागा मिळेपर्यंत."
शर्मिष्ठा मागे फोनवर होती,
रजेचं काहीतरी, पुन्हा पुढे ढकललेलं.

वादळाचं बाईंनी थोडक्यात सांगितलं.
झाडांमागची घरं ओली झाली, पण राहिली.
पलीकडच्या गल्लीत झाडं काढून सिमेंटचा धक्का बांधला होता.
"ती गल्ली मी दाखवत नाही.
तिथे माझी बहीण राहायची."
काठी दुसऱ्या हातात घेतली, आणि पुढे चालू लागल्या.

धरमतरच्या खाडीकाठी गट नंबर एकशे चौऱ्याऐंशी.
क्षेत्र अकरा हेक्टर. आकार शून्य.
उताऱ्यावर माझंच अक्षर, वळणदार: पोटखराबा.
निवट्यांचा रकाना नव्हता. कुर्ल्यांचा नव्हता.
पहाटे पाट्या घेऊन चिखलात उतरणाऱ्या बायकांचा नव्हता.
कोणी दमदाटी केली नाही, पाकीट दिलं नाही.
तसं काही असतं तर बरं झालं असतं.
रकाना होता, शब्द होता, मी भरला.
मग त्या शब्दावरून डंपर आले.

चार पावसाळ्यांनी उधाणाला बांध फुटला.
भाताची खाचरं पांढरी पडली.
पंचनाम्याला मीच गेलो, वहाणा हातात धरून,
आणि नुकसानीचं कारण लिहिलं: नैसर्गिक.

वाट संपते तिथे लाकडी खोक्यात एक वही.
नाव. गाव. शेरा.
शेरा पाहून हात आपोआप खिशातल्या पेनकडे गेला.
मराठीतच लिहिलं. गट नंबर, क्षेत्र, जुनी नोंद,
जुन्या नोंदीवर आडवी रेघ.
खाली तारीख आणि सही.
हद्द माझी नाही, तालुका माझा नाही,
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली;
या फेरफाराला कुठलंही कोर्ट विचारणार नाही.

"काय लिहिलंत?" बाईंनी चष्मा पुसला.
म्हटलं, माझी एक चूक होती.
"मोठी?"
अकरा हेक्टर.

त्या काही बोलल्या नाहीत.
एक खेकडा, नखाएवढा, कठड्यावरून तिरपा चालत आला,
वहीच्या कडेला थांबला,
डोळे वर काढून ओली शाई बघत राहिला.
आम्ही दोघांनी वही मिटली नाही.